किशोर-फँटसी: मंत्र आणि मायक्रोकंट्रोलर एकाच नियमावर चालवायचे तर?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

बारा ते पंधरा वयाच्या वाचकांसाठी एका साहस-कादंबरीचा आराखडा करतोय. वाईतला जुना वाडा, माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), त्यात एक रमलाची, म्हणजे ठिपक्यांवरून भविष्य काढायच्या विद्येची वही. नववीतली मुक्ता आणि तिचा मावसभाऊ सोहम शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमधला आर्डुइनो ऊनो (आर३), म्हणजे छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आणून ती वही ‘चालवतात’. समोर आहे दफ्तरदार. त्याने नोंद बदलली की वस्तुस्थितीही बदलते, ही त्याची विद्या.

घोडं इथे अडलंय की जादू आणि संगणक नुसते शेजारी शेजारी बसलेत. मंत्र म्हटला की स्क्रीन चमकते, यापलीकडे दोघांची ओळख नाही. मला दोन्हींना लागू पडेल असा एकच नियम हवाय. वाचणाऱ्या मुलाला तो कागद-पेन्सिल घेऊन करून बघता यावा, आणि तो कुठे फसतो हेही नेमकं कळावं, कारण संकटं तिथूनच काढायची आहेत. ‘त्याची शक्ती जास्त होती’ छापाची संकटं नकोत.

लघुगुरू

नियम मराठी व्याकरणाच्या पुस्तकातच आहे. गणवृत्तात प्रत्येक अक्षर लघु (आखूड, ल) नाहीतर गुरू (लांब, ग), तिसरा पर्याय नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात आठव्या अध्यायात अशा सगळ्या शक्यता ओळीने मांडायची रीत आहे (प्रस्तार), ओळीच्या क्रमांकावरून नमुना काढायची आहे (नष्ट) आणि नमुन्यावरून क्रमांक काढायचीही आहे (उद्दिष्ट). नष्टाचा गाभा दोन सूत्रांत आटोपतो: ‘लर्धे’, ‘सैके ग्’. संख्येचं अर्ध होत असेल तर अर्ध करून ल लिहा. होत नसेल तर एक मिळवून अर्ध करा आणि ग लिहा.

तीन अक्षरांच्या प्रस्तारातली सहावी ओळ काढू. ६ सम, म्हणून ल, राहिले ३. ३ विषम, एक मिळवून ४, अर्धे २, म्हणून ग. २ सम, म्हणून ल. उत्तर ल ग ल, म्हणजे ज गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा ठरलेला गट), आपला ‘जनास’. आता उलट जाऊ. अक्षरांखाली १, २, ४ लिहा, लघूंखालच्या संख्या मिळवा (१+४=५), वर एक घाला. आले ६.

हे गणित मुक्ताला सुरुवातीच्या प्रकरणांत एकदा अख्खं हाताने करू द्या. मग भुजंगप्रयात वृत्त घ्या. चार य गण (ल ग ग), लघु १, ४, ७ आणि १० या जागी. १+८+६४+५१२ = ५८५, अधिक एक ५८६. बारा अक्षरांच्या ४०९६ नमुन्यांत भुजंगप्रयात ५८६वा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे ठेका वाचकाच्या कानात आधीच बसलेला असतो. वसंततिलका चौदा अक्षरांची, १६,३८४ पैकी २९३३वी. वाड्याच्या प्रत्येक दारावर असा एक आकडा कोरलेला. दार उघडायचं तर त्या क्रमांकाच्या वृत्तात ओळ रचून म्हणायची. अर्थ काहीही चालेल, ठेका चुकता कामा नये.

आता फसतं कुठे ते. पिंगल एकपासून मोजतो आणि सगळ्यात लहान स्थान डावीकडे ठेवतो. संगणकवाले शून्यापासून मोजतात आणि लहान स्थान उजवीकडे लिहितात. सोहमने लघु म्हणजे १, गुरू म्हणजे ० धरून कोड लिहिला आणि ज गणावर तपासला, तर ल ग ल दोन्हीकडून सारखाच असल्याने उत्तर बरोबर येतं आणि चूक झाकली जाते. तोच कोड भुजंगप्रयातावर चालवला की ५८६ ऐवजी २३४१ येतात. तो उलटा नमुना, चार त गण (ग ग ल). पोरं भलतंच दार उघडतात आणि चूक कुणाची हे हुशार वाचक त्यांच्या आधी शोधू शकतो.

पेठकर

वाखुसा (वाचनखूण साठवली).

शब्दवेधी

लघुगुरू, एक पुरवणी. अक्षराचं वजन ठरवण्यात पोरं हमखास घसरतात. दीर्घ स्वर गुरू हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वार किंवा विसर्ग आला तरी गुरू, हेही बहुतेकांना माहीत असतं. विसरतं ते पुढच्या जोडाक्षराचं. ‘सज्जन’मधला स ऱ्हस्व असूनही गुरू, कारण ज्जचा आघात मागे येतो. पण मराठीत दरवेळी आघात येत नाही. ‘कुऱ्हाड’मधला कु, ‘तुझ्या’मधला तु लघुच राहतात. संस्कृत नियम जसाच्या तसा कोडमध्ये घातला तर यंत्र मुक्ताचं अस्सल मराठी वाक्य नाकारणार आणि दफ्तरदाराची संस्कृत ओळ मात्र मुकाट्याने स्वीकारणार. खलनायकाला यासारखा फायदा नाही. चरणाचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरू धरायची मुभा असते, तीही कोडमध्ये घ्या.

अभंगाकडेही बघा. मोठा अभंग ६-६-६-४ अशा अक्षरसंख्येवर चालतो, लघु-गुरूचं बंधन त्यात नाहीच. म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने अभंगात एकही बिट (० किंवा १ असा एक अंक) भरलेला नाही. दफ्तरदाराला तो ऐकू येतो पण वाचता येत नाही. मुलांना आपसात निरोप द्यायला यापेक्षा सुरक्षित माध्यम कुठलं?

रुमालबंद

वही मोडीत आहे म्हणताय, तर माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं संकट तिथे आहे. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. देवनागरीत ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे दिसतात, मोडीत एकच. म्हणजे मंत्र मोडीत उतरवला की नेमका लघु-गुरूचा मजकूरच गळतो. बारा अक्षरांच्या ओळीत अशी पाच संदिग्ध अक्षरं असली तर ३२ वाचनं संभवतात. अकार आणि आकार मात्र वेगळे राहतात, अनुस्वाराची आणि आघात देणाऱ्या जोडाक्षराआधीची अक्षरंही निश्चित असतात, तेवढा आधार.

यातून सुटका वृत्तच करतं. ओळ भुजंगप्रयातातली आहे हे कळलं की ३२ पैकी एकच वाचन उरतं. दाराचा आकडा पुसला गेला असेल तर मात्र बत्तीसही नमुने काढून त्यातला कुठला ओळखीच्या वृत्तात बसतो ते पाहायचं. मोडीत शब्दही सलग, मध्ये जागा नाही, त्यामुळे आधी शब्द तोडायचे. हे काम मुक्ताचं ठेवा, सोहमच्या कोडवर सोपवू नका. सलग मजकुरात शब्द कुठे तुटतो हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही.

लॅपटॉपवर मोडी दाखवणार असाल तर: युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाण यादीत) मोडी २०१४ साली सातव्या आवृत्तीत आली. फॉन्ट बसवलेला नसेल तर नुसते चौकोन दिसतात. अवांतर: मोडीचे कागद तंजावरच्या सरस्वती महालातही आहेत. दुसरा भाग लिहिलात तर पोरांना तिकडे धाडा.

टाकसाळ

मंत्र टाइप करण्याचा प्रसंग असेल तर ‘कुऱ्हाड’ हाच शब्द वापरा. त्यातलं ऱ्ह दोन प्रकारे साठवलं जातं. एक, नुक्ता असलेला ऱ (कोड ०९३१) आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत बाइट वेगळे. मुक्ता फोनवर लिहिते, सोहम लॅपटॉपवर, दोघांची ओळ डोळ्यांना एकच आणि हॅश (मजकुरावरून काढलेला त्याचा ठसा-आकडा) मात्र दोन. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण (एनएफसी) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण अदृश्य जोडक जिथल्या तिथे राहतो. आधी एक रूप निवडून दुसरं त्यात बदलून घ्यावं लागतं.

तसंच ‘श्री’. माणसाला एक अक्षर, पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला चार: श, हलन्त, र, वेलांटी. अक्षरं मोजायची तर आधी अक्षरांचे गट पाडायला हवेत. नवख्या पोराचा कोड पहिल्या दिवशी इथेच आपटणार, हे वाचकाला पटेल.

रमलवही

वृत्तांवर बरंच झालं, आता रमलाकडे वळू, कारण हे तर सरळसरळ चार बिटांचं यंत्र आहे. एका आकृतीत चार ओळी, प्रत्येक ओळीत एक किंवा दोन ठिपके. एकूण १६ आकृत्या. चारही ओळींत एकेक ठिपका ती तरीक, चारहींत दोन-दोन ती जमात. जुनी रीत अशी: रेतीवर किंवा कागदावर न मोजता ठिपक्यांच्या १६ ओळी काढायच्या, मग मोजायच्या. विषम आले तर एक ठिपका, सम आले तर दोन. झाल्या पहिल्या चार आकृत्या, म्हणजे आया.

पुढे नशिबाचा संबंध संपतो, उरतो तो हिशेब. चारही आयांच्या पहिल्या ओळी एकाखाली एक घेतल्या की पहिली लेक, दुसऱ्या ओळींची दुसरी लेक, अशा चार. मग शेजारच्या दोन-दोन आकृत्यांची बेरीज: ओळीतले ठिपके मिळून विषम तर एक, सम तर दोन. आठातून चार भाच्या, चारातून दोन साक्षीदार, दोनातून एक न्यायाधीश. ही बेरीज म्हणजे संगणकातलं एक्सक्लुझिव्ह-ऑर, त्यात काडीचा फरक नाही.

एक ठिपका १ आणि दोन ठिपके ० धरून सोडवलेलं पान देतो. आया: १०११, ०११०, ११००, ००१०. लेकी: १०१०, ०११०, ११०१, १०००. भाच्या: ११०१, १११०, ११००, ०१०१. साक्षीदार: ००११, १००१. न्यायाधीश: १०१०. सोळावं घर हवं असेल तर न्यायाधीश आणि पहिली आई यांची बेरीज: ०००१.

आणि जादूचा संगणक कल्पनेतूनच आणावा लागतो असं कुणी समजू नये. ब्रिटिश म्युझियममध्ये १२४१-४२ सालचं पितळी रमलयंत्र आहे, मुहम्मद इब्न खुतलुख अल-मौसिली याने घडवलेलं. तबकड्या फिरवल्या की झरोक्यांत ठिपक्यांच्या आकृत्या येतात. दफ्तरदाराच्या हातात असलंच काहीतरी द्या.

बोरूबहाद्दर

हे फारच कामाचं आहे, सगळ्यांचे आभार! रमलवही, न्यायाधीशाच्या ठिपक्यांची बेरीज नेहमी समच येते असं कुठेतरी वाचलंय. तसं असेल तर विषम न्यायाधीश दिसला की पान दफ्तरदाराने बदललंय, असा पुरावा मुलांना मिळेल का?

शून्यमात्रा

सम येते हे खरं. लेकी म्हणजे आयांचेच ठिपके आडवे लिहिलेले, त्यामुळे प्रत्येक ठिपका हिशेबात दोनदा येतो. म्हणून १६ पैकी आठच आकृत्या न्यायाधीश होऊ शकतात, प्रत्येक ८१९२ प्रकारे. पण तुम्हाला हवा तो पुरावा यातून मिळत नाही. विषम न्यायाधीश सांगतो ते एवढंच, की मधल्या बेरजेत कुणीतरी चुकलं. आया बदलून पुढचं सगळं नव्याने नीट मांडलं तर न्यायाधीश समच येणार. मधल्या घरांत दोन चुका झाल्या तर त्याही एकमेकींना झाकू शकतात.

दफ्तरदारासाठी याहून घातक फट आहे. पहिल्या आईची पहिली ओळ, दुसरीची दुसरी, तिसरीची तिसरी, चौथीची चौथी: या चार ठिपक्यांचा न्यायाधीशावर काहीच परिणाम होत नाही, कारण आडवं केलं तरी ते त्याच ओळीत पडतात आणि स्वतःलाच खोडतात. रमलवहींच्या पानात पहिल्या आईची पहिली ओळ १ ची ० करा. आई ००११, लेक ००१०, भाच्या ०१०१ आणि ०१००, साक्षीदार १०११ आणि ०००१. न्यायाधीश? १०१०. जसाच्या तसा. निकाल तोच, साक्षी मात्र बदलले. अशा १६ नोंदींचा निकाल एकच, आणि दफ्तरदार त्यांत हवं तसं फिरू शकतो. फक्त न्यायाधीश बघून विश्वास ठेवणारी पोरं इथे फसतात. सापडतो तो साक्षीदारांमुळे.

टाकसाळ

आया बदलल्याचा पुरावा हवा असेल तर पान मांडल्याबरोबर त्याचा हॅश काढून दफ्तरदाराच्या हाती लागणार नाही अशा जागी कोरून ठेवायचा. पण आयांची पानं एकूण ६५,५३६च. नुसत्या पानाचा हॅश असेल तर कुठलाही साधा लॅपटॉप सगळी पानं क्षणात तपासून मूळ पान ओळखतो, म्हणजे गुपित राहत नाही. सोबत लांब आणि कुणाला न सुचणारी एक ओळ जोडा. ती मुक्ताने रचलेली आणि फक्त तोंडपाठ असलेली. ती विसरली तर पान खरं असूनही सिद्ध करता येणार नाही. जादूची किंमत म्हणून ही मला रक्त सांडण्यापेक्षा बरी वाटते.

चुंबळ

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

तांब्याची_तार

ऊनोवर हे बसतं, पण जेमतेम, आणि ते जेमतेमच कथेला उपयोगी आहे. ०-१ या पिना सोडा, प्रोग्राम चढवताना त्या लागतात. उरल्या २ ते १३ अशा बारा आणि ए० ते ए५ अशा सहा, एकूण १८. १६ एलईडी, एक बटण, आणि एक पिन रिकामी. पेटलेला दिवा म्हणजे एक ठिपका, विझलेला म्हणजे दोन.

रोधक (रेझिस्टर) ४७० ओहमचे घ्या. सगळीकडे २२०चे सांगतात, पण लाल एलईडीला २ व्होल्ट धरले तर ३ व्होल्ट भागिले २२० म्हणजे दिव्याला १३.६ मिलिअँपिअर, १६ दिव्यांना २१८. चिपची एकूण मर्यादा २००. ४७० ओहमवर हेच १०२च्या आसपास येतं. गंमत अशी की २२०वरही बहुतेक पानांत निम्मेच दिवे पेटतात, तेव्हा काही बिघडत नाही. १५ किंवा १६ दिवे पेटले तरच मर्यादा ओलांडते, आणि अशी पानं ६५,५३६ पैकी फक्त १७. चिप लगेच जळेलच असं नाही, पण बोर्ड नेमका चारही तरीक आल्यावर बिथरतो, हा शाप आहे की रोधक, यावर मुक्ता-सोहमचं एक जोरदार भांडण होऊ शकतं.

आता नशीब. आर्डुइनोचं रँडम फंक्शन बी (सुरुवातीचा आकडा) न देता वापरलं तर बोर्ड चालू केल्यावर दरवेळी तीच मालिका येते, म्हणजे रोज सकाळी तेच भविष्य. रिकाम्या पिनेवरचा आकडा बी म्हणून देतात, पण तो ० ते १०२३. म्हणजे सुरुवातीची फार तर १०२४ पानं, बाकीची ६४ हजारांवर पानं पहिल्या फेरीत कधीच दिसणार नाहीत. दफ्तरदाराला तेवढीच पाठ करायची आहेत.

खरा उपाय बटण. मायक्रोसेकंदांचा घड्याळ-आकडा ऊनोवर चाराच्या टप्प्याने वाढतो. बटण दाबल्याच्या क्षणी त्याला चाराने भागून शेवटचे चार बिट घ्या. दर ६४ मायक्रोसेकंदांनी ते १६ किमती फिरून येतात, माणसाचं बोट एवढं नेमकं नसतं. एका दाबाला एक आई, चार दाब, चार आया. प्रश्न विचारणाऱ्यानेच हात लावला पाहिजे ही जुनी अट आपसूक खरी ठरते, तिला वेगळं कारण द्यायला नको.

बटणाची पत्री दाबल्यावर काही मिलिसेकंद थरथरते. ३०-४० मिलिसेकंद थांबून पुढचा दाब वाचला नाही तर एका दाबातून दोन आया निघतात. हा थांबा दाब नोंदल्यानंतरच. बटणाची वाट बघणाऱ्या लूपमध्ये डिले टाकला तर बोटाचा नेमका क्षण हरवतो आणि सगळी मेहनत फुकट.

लघुगुरू

जाता जाता, तोंडाने म्हटलेला मंत्र हा बोर्ड ऐकू शकेल का?

तांब्याची_तार

सरळ नाही. रॅम २ किलोबाइट. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी एक बाइट धरला तर पाव सेकंदात भरली. दर १० मिलिसेकंदांनी फक्त आवाजाची उंची साठवली तर सेकंदाला १०० बाइट, पाच सेकंदांची ओळ ५०० बाइटमध्ये बसते. पण ‘मना’सारख्या शब्दात म आणि न दोन्ही गुंजत राहतात, आवाज मध्ये पडत नाही आणि दोन अक्षरांतली सीमाच सापडत नाही. ‘कपाट’ बरं सापडतं. पंखा चालू असेल तर तेही नाही. खात्रीचं हवं असेल तर दोन बटणं, एक लघूचं, एक गुरूचं, आणि ओळ म्हणताना बोटांनी ठेका. दुसऱ्या बटणासाठी ती रिकामी पिन वापरा, नशिबासाठी ती आता लागत नाही.

बोरूबहाद्दर

वाड्याच्या देवघरात जमिनीवर चौतीसा यंत्र (सगळीकडून बेरीज ३४ येणारा आकड्यांचा चौकोन) कोरलेलं दाखवायचं डोक्यात आहे. ते यात बसेल की ठिगळ वाटेल?

शून्यमात्रा

खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातलं घ्या: ७ १२ १ १४ / २ १३ ८ ११ / १६ ३ १० ५ / ९ ६ १५ ४. आडवी, उभी, तिरकी बेरीज ३४. तुटके तिरकेसुद्धा ३४, म्हणजे एका कडेने बाहेर जाऊन दुसऱ्या कडेने आत येणारे. तुमच्या कथेत हा चूक सुधारणारा कोड आहे. एक आकडा बदलला तर एक ओळ आणि एक स्तंभ बिघडतो, दोन्ही छेदतात तिथे चूक, आणि बेरजेतल्या फरकावरून मूळ आकडाही मिळतो.

दफ्तरदार हुशार असेल तर एकाच ओळीतले दोन आकडे आपसात बदलेल, म्हणजे ओळीची बेरीज ३४च राहील. समजा पहिल्या ओळीत १२ आणि १४ची अदलाबदल केली. दुसरा स्तंभ ३६, चौथा ३२. ओळ कुठली ते कळत नाही. तेव्हा तुटके तिरके तपासायचे: १४, ८, ५, ९ यांची बेरीज ३६. हा तिरका आणि दुसरा स्तंभ पहिल्या ओळीतच भेटतात. नुसत्या आडव्या-उभ्या बेरजेच्या यंत्रात हे जमलं नसतं. तुम्ही ठिगळ म्हणताय, मी म्हणेन शेवटची चकमक इथेच घाला.

शब्दवेधी

फक्त एक विनंती, हे सगळं एकाच पुस्तकात कोंबू नका. बारा वर्षांच्या वाचकाला एका प्रकरणात एक हिशेब पुरे, आणि तोही संवादातून, पोरांनी एकमेकांच्या चुका काढत केलेला. नष्ट-उद्दिष्ट, रमलाची बेरीज आणि चौतीसा हे तीन पूर्ण दाखवा. हॅशचा तपशील सोहमच्या दोन वाक्यांत उरका. युनिकोडचं भांडण विनोदी ठेवा, ते आपोआप होतंच.

बोरूबहाद्दर

मान्य. हॅश दोन वाक्यांत. अभंगाचा निरोप मात्र दफ्तरदाराच्या तोंडावर म्हणायला लावणार आहे, भर सभेत.

पेठकर

मग टाळ द्या सोहमच्या हातात. आणि आधी वाजवून बघायला सांगा, टाळाचा आखूड-लांब ठोका दफ्तरदाराला लघु-गुरू म्हणून ऐकू आला तर निरोपात भलतेच बिट जातील.